खाटेखालचं ध्यान

रोज सकाळी साडेपाचला मी गच्चीवर चटई टाकून डोळे मिटून बसते, आणि घरात कुणालाही त्याचं काडीचं कौतुक नाही. नवरा म्हणतो, तुझं ध्यान आटोपलं की आम्ही अर्धा तास जपूनच वावरतो. आईचं म्हणणं त्याहून थेट आहे. "इतलं डोया मिटीसन बठस, तरी तुन्हा राग काय उतरस नही व माय." मी आईला सांगते, ध्यान नसतं तर तो किती असता, ते एकदा बघायला हवं होतंस.

मला याची गोडी हौसेनं लागली नाही, भीतीनं लागली. मी अक्कलकुव्याच्या पुढे, डोंगरातल्या एका शाळेत शिकवते आणि नंदुरबारहून रोज जाऊन-येऊन करते. पाच वर्षांपूर्वी एका सकाळी घाटाचं वळण आलं आणि एसटीतच माझी छाती अशी धडधडायला लागली की आता आपण गेलोच, असं वाटलं. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. बायकांनी तोंडावर पाणी मारलं. नंदुरबारला डॉक्टरांनी छातीची पट्टी काढली आणि म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, तुम्हाला घाबरण्याचा त्रास आहे. मला! जिच्या नुसत्या खाकरण्यानं सातवीचा वर्ग गप्प होतो, तिला घाबरण्याचा त्रास! मी डॉक्टरांवरच चिडले होते.

मग शाळेतल्या एका बाईंनी मोबाइलवर एक ध्वनिफीत पाठवली. त्यात कुणी बाई तुपात घोळलेल्या आवाजात सांगायची, कल्पना करा, तुम्ही शांत समुद्रकिनाऱ्यावर आहात. मी समुद्र आयुष्यात एकदाच पाहिला, सुरतेजवळ, लग्नानंतरच्या वर्षी. वाळू काळी, गर्दी ही एवढी. आम्ही भजी खाल्ली आणि लाटेनं माझी एक चप्पल नेली. त्यामुळे ती बाई समुद्र म्हणाली की मी डोळे मिटून चप्पल शोधायची.

आठवडाभरानं मी तिचा समुद्र सोडून दिला. थंडीत नंदुरबारच्या बाहेर मोकळ्या रानात मिरची वाळत घालतात, तिला आम्ही पथारी म्हणतो. माझी एसटी रोज तिथून जाते. सकाळच्या उन्हात नजर पोचेल तिथवर लाल. खऱ्या पथारीजवळ उभं राहिलं तर शिंकून शिंकून जीव जातो, पण मनातली मिरची झोंबत नाही. श्वास आत घेताना मी पथारीच्या एका टोकाला उभी असते आणि सोडताना कडेकडेनं चालायला लागते. मला ते लागू पडलं. दोन-तीन महिन्यांत घाटाच्या वळणावर हातपाय गार पडायचे थांबले. हे एवढं सविस्तर सांगते आहे, कारण पुढे वेळ आली तेव्हा मी नेमकं हेच विसरले.

आबा, म्हणजे माझे वडील, नंदुरबारजवळच्या कोरीट गावात राहतात. आई आणि ते दोघंच, शेत आता भाऊ बघतो. गेल्या दिवाळीनंतर आबांच्या हातातून कप पडायला लागले. पहिला कप पडला तेव्हा आई त्यांच्यावर ओरडली. दुसरा पडला तेव्हा ती गप्प बसली आणि तिनं मला फोन केला. बोटांना सदा मुंग्या, उजव्या हाताला जास्त. शर्टाची बटणं आई लावून द्यायची. चालताना झोक जायचा. सुरतेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मानेच्या मणक्यात नस दबत असावी. ऑपरेशन करावं लागेल, पण त्याआधी मानेचा एमआरआय हवा. उशीर केला तर आधी हात जातील, मग पाय. मानेला हिसका बसू देऊ नका, असं बजावून त्यांनी आबांच्या गळ्यात पट्टा बांधला.

आबांना त्या यंत्रात घातलं आणि दोन मिनिटांत बाहेर काढावं लागलं. आत जाताना हातात रबराचा फुगा देतात, काही झालं तर दाबायला. आबांनी तो दाबला तो सोडलाच नाही. बाहेर आले तेव्हा शर्ट घामानं भिजला होता आणि ते कुणाकडेच बघत नव्हते.

आबांना बंद जागा सोसत नाही, आणि त्याला कारण आहे. विशीत असताना विहिरीचं खोदकाम चालू होतं, कडा ढासळली आणि ते छातीपर्यंत गाडले गेले. माती उकरून बाहेर काढेपर्यंत अर्धा दिवस गेला. स्वतः ते ही गोष्ट कधी काढत नाहीत, पण घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून बारा महिने ते ओट्यावर झोपतात, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. संडासाचं दार लावत नाहीत, आत बसून खोकत राहतात, म्हणजे येणाऱ्याला कळावं. आम्ही भावंडं लहानपणी त्या खोकण्याची नक्कल करून हसायचो.

भूल देऊन फोटो काढता येणार नाही का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, यांच्या कमजोर छातीकडे बघता मला भूल एकदाच द्यायची आहे, ती ऑपरेशनला ठेवू. मग बारा दिवसांनंतरची वेळ मिळाली. पंचवीस मिनिटं न हलता पडून राहायचं, काम एवढंच. हलले तर फोटो पुसट येणार, आणि पुसट फोटोवर कुणी त्यांच्या मानेला हात लावणार नव्हतं.

परतीच्या गाडीत आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाई, मले त्या भुयारमा परत नका टाकू." फार हळू म्हणाले. सत्तरी ओलांडलेला माझा बाप विनवणी करत होता. मी त्यांचा हात हातात घेतला. त्यांना तो धड जाणवतही नव्हता. मी म्हटलं, आबा, मी आहे ना, न हलता कसं राहायचं ते मला येतं, मी शिकवते.

शिकवायचं म्हटलं की माझ्या अंगात मास्तरीण संचारते. शिष्यवृत्तीचा वर्ग घ्यावा तसं मी ते काम हातात घेतलं. वहीत तक्ता आखला, मोबाइलवर वेळ लावली. शाळेतून परतले की घरी न जाता स्टँडवर लावलेल्या स्कूटीनं थेट कोरीट. अंगणातल्या खाटेवर आबांना उताणं झोपवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि मी बोलायला सुरुवात करायची. आणि तोंडातून पहिलं वाक्य कोणतं निघावं? आबा, तुम्ही समुद्राच्या काठावर आहात.

"मी समुद्र देखेलच नही," आबा डोळे मिटूनच म्हणाले. "काय देखू?"

मग देवळात बसल्याचं बघा म्हटलं. "तठे गर्दी शे." डोंगरावर नेलं. "दम लागस." नदीकाठी बसवलं तर त्यांना आठवलं की पाण्याच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गाळात रुतला होता, आणि ते भाऊला हाका मारायला लागले. तक्त्यात तीन दिवस नुसत्या फुल्या पडल्या. आई मिरच्यांची देठं खुडत बसलेली असायची, ती मान खाली घालून हसायची.

चौथ्या दिवशी आबांनीच भीत भीत विचारलं, "मंग वावर देखू का?" मी मोठ्या मनानं परवानगी दिली.

आबांचा हात पाणी भरण्यात तरबेज. आता सगळीकडे ठिबकच्या नळ्या आल्या, पण त्यांच्या काळात पाटाचं पाणी एका सरीत सोडायचं, ती भरत आली की फावड्यानं तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. जरा उशीर झाला की पाणी बांध फोडून भलतीकडे जातं. आबांचं पाणी कधी फुटत नाही, असं गावात म्हणायचे. एकदाच फुटलं होतं, मी लहान असताना, तेही दिवसाढवळ्या. शेजाऱ्यानं बांधाला लागून वाळत घातलेली सगळी मिरची भिजली. आजोबांनी चारचौघांत आबांची शोभा केली आणि शेजाऱ्याशी दोन वर्षं अबोला झाला. आबा पाणी लावून झाडाखाली झोपी गेले होते, असं सगळे सांगतात. आईचा तर तो हुकमी विनोद होता. पाहुणे आले की ती सांगायचीच, "आख्खा जल्ममा एकदाच पानी फुटनं यास्नं, तेबी झोपी गयथात म्हनीसन." पाहुणे हसायचे. आबाही हसायचे.

तर आबा मनातल्या मनात पाणी भरायला लागले. श्वास घेताना सरीचं तोंड उघडायचं, सोडताना पाणी जाऊ द्यायचं, असं मी ठरवून दिलं. आणि काय सांगू, जमलं! पाच मिनिटं, मग आठ, मग बारा. श्वास असा संथ झाला की आई दोनदा उठून वाकून बघून गेली. मी तक्त्यात बरोबरच्या खुणा केल्या आणि शाळेत जाऊन फुशारकीसुद्धा मारली.

मग मी भुयार बांधलं. आबांना खाटेच्या खाली सतरंजीवर झोपवलं, दोन्ही बाजूंनी गोधड्या सोडल्या आणि तोंडावर भाजीची जाळीदार टोपली ठेवली, कारण त्या यंत्रात चेहऱ्यावर तसाच पिंजरा बसवतात. ठकठक आवाज हवा म्हणून आईच्या हातात स्टीलचं ताट आणि लाटणं दिलं. आईनं ताट असं बडवलं की लग्नापासूनचं सगळं त्यात आलं. शेजारच्या दोघी-तिघी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांना हातानंच गप्प केलं.

चौदाव्या मिनिटाला खाटेखालून आरोळी आली. "फुटनं, फुटनं! फावडं कोठे शे?" आणि आबा उठले. खाटेच्या लाकडावर त्यांचं कपाळ दाणकन आपटलं.

मी गोधडी बाजूला ओढली. टोपली एकीकडे, आबा कपाळाला हात लावून पडलेले, गळ्यातला पट्टा वाकडा झालेला. लागलं का, हे विचारायचं सोडून मी वर्गातल्या आवाजात ओरडले, "किती वेळा सांगितलं आबा, हलायचं नाही म्हणून!"

आईच्या हातातलं ताट खाली पडलं. आबा कोपरांवर सरकत बाहेर आले आणि ओट्यावर जाऊन बसले. कपाळावर टेंगूळ आलं होतं. "बाई, पानी फुटनं ते उठनं पडस," ते एवढंच म्हणाले, आणि थोड्या वेळानं, "मले जमाव नही, माय." आई हळद घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुन्हं ध्यान घाल चुल्हामा."

कोरीटहून निघाले आणि गाव मागे पडल्यावर मी स्कूटी बाजूला लावून रडले. मानेला हिसका बसू देऊ नका, ही एकच गोष्ट डॉक्टरांनी बजावली होती आणि तीच मी करून ठेवली होती. घरी गेल्यावर दोनदा आईला फोन केला. हात आहे तसेच आहेत, जेवले, असं तिनं तुटकपणे सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर बसले तर पथारी काही डोळ्यांसमोर येईना. सारखी ती खाट दिसायची आणि त्याखालचे आबांचे पाय.

तिथंच माझ्या टाळक्यात उजेड पडला. ती तुपात घोळलेल्या आवाजाची बाई म्हणजे आता मीच झाले होते. मी आबांना एकामागून एक माझेच समुद्र देत होते. वावर त्यांचं होतं खरं, पण तिथंही मी त्यांना कामाला लावलं. पाणी भरायला उभा असलेला माणूस पाणी फुटल्यावर पडून राहणार कसा? हे शेतकऱ्याच्या पोरीला कळू नये, याची मला मनापासून लाज वाटली.

त्यानंतर दोन दिवस मी कोरीटला गेले, पण तक्ता नेला नाही. आईशेजारी बसून मिरच्यांची देठं खुडली. आबा खाटेवर बसून बघत होते, त्यांच्या बोटांना आता देठ पकडता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी निघताना मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हटलं, "आबा, मी काही सांगत नही आते. जठे तुमले उठानं मनच व्हस नही, असं काही व्हई ते तुमनं तुम्हीच देखा."

 आबा उजव्या हाताचा तळवा उघडून त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शे एक."

"काय?"

"ते मन्हं मी देखसू."

मला राहवत नव्हतं. पण मी जीभ चावून गप्प बसले, आणि माझ्या स्वभावाला हे किती जड गेलं ते माझं मला माहीत. पुढचे दिवस आईच फोनवर बातम्या द्यायची. दुपारी जेवण झालं की ते आपणहून खाटेखाली जातात, गोधड्या स्वतः सोडायला सांगतात, टोपली ठेवायला लावतात. ताट नको म्हणतात. शेवटी शेवटी तिचा आवाज काळजीचा झाला. "व माय, खाटखाले पडीसन हासतस. आते काय करू?"

ठरलेल्या दिवशी आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं सुरतेला गेलो. अंगावर धातूचं काही चालत नाही. आबांच्या कानातली बाळी पन्नास-एक वर्षांची, मागच्या वेळेसारखीच साबण लावून लावून आईनं ती काढली आणि पदराच्या गाठीत बांधली. माझं मंगळसूत्र आणि बांगड्याही तिच्याकडेच दिल्या, कारण सोबत एकाला आत बसता येत होतं. मला आबांच्या पायांशी स्टूल मिळालं. यंत्र चालवणारा मुलगा तरणा होता. चेहऱ्यावर पिंजरा बसवत तो म्हणाला, "दादा, हिलना मत, हां." आबांनी डोळे मिटले. फळी आत सरकली. पोटापासून खालचे आबा तेवढे बाहेर राहिले.

दार बंद झालं आणि ठकठक सुरू झाली. खरं सांगायचं तर त्या खोलीत आबांचं नाही, माझंच बिघडलं. तोच घाट, तीच धडधड, हातपाय गार. मी डोळे मिटून पथारी शोधली, ती कुठेच नव्हती. मग मी डोळे उघडले आणि आबांचा पायाचा अंगठा मुठीत धरला. टाचा भेगाळलेल्या, नखं जाड. अंगठा ऊबदार होता आणि अगदी निवांत होता. वर पाहिलं तर त्यांचं पोट सावकाश वर येत होतं, सावकाश खाली जात होतं. मी त्याच्याबरोबर श्वास घ्यायला लागले. मध्येच यंत्राचा आवाज बदलला, कुणी पत्र्यावर घण घालावेत तसा झाला, आणि मी दचकले. आबा दचकले नाहीत. पंचवीस मिनिटं मी माझ्या बापाच्या पोटाकडे बघत श्वास घेत होते. शिकवणारे ते होते, शिकणारी मी.

फळी बाहेर आली. तो मुलगा खूश होता. "एकदम साफ आया है. दादा, सो गये थे क्या?"

आबांनी मान हलवली. नाही.

बाहेर बाकावर आई वाट बघत होती. तिनं पदराची गाठ सोडून बाळी काढली आणि आबांच्या कानात घालायला लागली. मी तिला सांगितलं, फोटो छान आला, जराही हलले नाहीत, तो मुलगा म्हणत होता की झोपले होते का. आईचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तिची जीभ सुटली. "यास्ले झोपता येस ते आख्खा गावले ठाऊक शे. वावरमा नही का झोपी गयथात!"

आणि आबा म्हणाले, "तवयबी मी झोपेल नव्हतू."

आईचा हात कानाशीच थांबला. मी विचारलं, आबा, आत काय बघितलंत?  मग त्यांनी सांगितलं, तुकड्यातुकड्यांत, मध्ये थांबत.

"तू तीन-चार वरीसनी व्हती. तुन्ही माय माहेर गयेल व्हती, तुन्हा भाऊनी टाईमले. तुले ताप व्हता, मले सोडेच ना. म्हनीसन वावरमा लई गऊ. पानी लायं, झाडखाले तुले लीसन आडा पडनू. तू मन्हा हातवर झोपी गयी. दोन दिनमा पहिल्यांदा झोपनी."

"मंग?"

"मंग पानी फुटनं. मले ऐकू उनं. हात काढतू ते तू उठी जाती." त्यांनी उजवा हात किंचित वर केला. "मुंग्या उन्यात हातले. पन मी हालनू नही."

 आबाच पुढे बोलले, आता त्यांना थोडी गंमत वाटत होती. इंजिनाचा ठकठक आवाज तेव्हाही होता, म्हणाले, विहिरीवर इंजिन चालू होतं, यंत्राचा आवाज तसाच. आणि हाताच्या मुंग्यांचं तर बरंच झालं. "मुंग्या तवयबी व्हत्यात, आतेबी शेत. म्हनीसन ते खरंच वाटनं. तू हातवर शे असंच वाटनं."

मी म्हटलं, मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत? आजोबांनी सगळ्यांसमोर तेवढं सुनावलं, तेव्हा तरी सांगायचं होतं. आबांना हा प्रश्न विचित्रच वाटला. पोरीला ताप होता म्हणून मिरची भिजवली असं काय सांगायचं, लोक म्हणाले झोपला, तर झोपला.

आईनं बाळी नीट बसवली, कान पदरानं पुसला. मग तिचा आवाज बदलला. "आनि मी चाळीस वरीस तुम्हले हासी ऱ्हायनू. ऐकी लिधं तुम्हीनी?"

"तू हासे," आबा म्हणाले. "मले बरं वाटे."

मी उठून पाण्याच्या नळाशी गेले आणि तोंड धुवायचं निमित्त करून रडले. मला त्या माणसाचं इतकं प्रेम आलं की राग आला, मग स्वतःचा राग आला, त्या तक्त्याचा, त्या फुल्यांचा. परत आले तेव्हा दोघं एका डब्यातून थेपले खात होते आणि आई घास मोडून त्यांच्या तोंडात देत होती.

ऑपरेशन झालं. उजव्या हाताची दोन बोटं अजून पुरती जागी झालेली नाहीत, पण कप धरता येतो आणि वरची दोन बटणं सोडून बाकीची आबा स्वतः लावतात. वरची दोन आई लावते. झोक जात नाही. खाट पुन्हा अंगणात आपल्या जागी आहे आणि ते अजूनही ओट्यावरच झोपतात. पाहुणे आले की आई पाणी फुटल्याची गोष्ट आता सांगत नाही. एकदा आबांनीच तिला आठवण केली, ती सांग ना म्हणून, तर ती उठून आत गेली.

मी अजून पहाटे गच्चीवर बसते. कधी कधी पथारी बघते. पण पुष्कळदा ते झाडच बघते. त्या दिवसाचं मला स्वतःला काहीही आठवत नाही, आठवणार कसं, मी झोपले होते. म्हणून मी आबांच्या जागी जाऊन पडते. विहिरीवर इंजिन चालू असतं. उजव्या हातावर तापानं गरम झालेलं एक डोकं असतं आणि त्याचा श्वास नुकता कुठे संथ झालेला असतो. हाताला मुंग्या येतात. बांधाकडे पाणी फुटल्याचा आवाज होतो, तो मला स्पष्ट ऐकू येतो, आणि मी उठत नाही.